बुजवलेल्या खाणीतला कचरा: विहिरीचे पाणी आणि जमिनीतला वायू कधी, कुठे, कसा मोजायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव तालुक्यातल्या एका गावालगत जुनी चिरेखाण, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे काढलेली खाण, आहे. वीसेक वर्षे तिच्यात कचरा पडत होता. आता वर मुरूम टाकून जागा सपाट केली आहे आणि ग्रामपंचायतीला तिथे खेळाचे मैदान करायचे आहे. वरच्या अंगाला उसाचे फड, खालच्या अंगाला ऐंशी मीटरवर घरे, घरांच्या चार विहिरी. मे महिन्यात चारही विहिरींचा एकेक नमुना तपासला आणि एका सकाळी दहाच्या सुमाराला जमिनीतला वायू मोजला. दोन्ही अहवाल ‘ठीक’ आले. एवढ्यावर काम पुढे न्यावे का, नाहीतर किती बोअर मारायच्या, काय आणि किती दिवस तपासायचे?

एवढ्यावर पुढे जाऊ नका. अहवाल खोटे असतील असे नाही, पण वेळा चुकल्या आहेत. मे महिन्यात जांभ्यातली पाण्याची पातळी सगळ्यात खाली असते. खाणीचा तळ कोरडा असेल तर त्या दिवसांत भूजलाचा कचऱ्याशी संबंधच तुटलेला असतो. आणि सकाळी दहा ही आपल्याकडे हवेचा दाब दिवसातला सर्वाधिक असण्याची वेळ. बाहेरची हवा जमिनीत ढकलली जात असताना नळी उघडली, तर मीटरला बाहेरचीच हवा दिसणार. तपासणी आपल्या सोयीच्या वेळी न करता जागेच्या वाईट वेळी करायची, हे धरून पुढचे सगळे वाचा.

आधी खाणीची कड शोधा

बोअरची गाडी बोलावण्याआधी कचरा नेमका कुठून कुठपर्यंत आहे ते कागदावर आणा. मुरूम टाकल्यावर कड दिसत नाही आणि गावातल्या दोन माणसांच्या आठवणीत वीस-तीस मीटरचा फरक सहज पडतो. उताऱ्यावर खाणीचे क्षेत्र लिहिलेले असले तरी प्रत्यक्ष खोदाई बहुधा हद्दीबाहेर गेलेली असते. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची छायाचित्रे मागे मागे नेऊन पाहा. उघडी खाण तांबडी आणि चौकोनी दिसते, चुकत नाही. मग कडेला आडवे छोटे चर घेऊन खात्री करा. चिरे उभे कापून काढलेले असल्याने खाणीच्या भिंती सरळ असतात. एका हातावर कचरा आणि दुसऱ्या हातावर पक्का जांभा अशी रेघ सापडते. ही रेघ सापडल्याशिवाय ‘कचऱ्याबाहेरची’ वायूनळी, म्हणजे जमिनीतला वायू मोजायची नळी, खरोखर बाहेर आहे की नाही हे कोणी सांगू शकत नाही.

खालचा दगडही समजून घ्या, कारण सीमाभागात तो तालुक्यागणिक बदलतो. खानापूर-बेळगावकडच्या माळांवर वर जांभा, त्याखाली चिकट माती आणि मग काळा कातळ. जांभा सच्छिद्र असतो, त्यातल्या नळ्यांसारख्या पोकळ्यांतून पाऊस झपाट्याने खाली जातो आणि चिकट मातीच्या डोक्यावरून आडवा वाहू लागतो. माळाच्या कडेला श्रावणात झरे फुटतात ते ह्याच पातळीला. निपाणी-चिकोडीच्या काळ्या पट्ट्यात वर भेगाळणारी काळी माती आणि खाली कातळाचे थर. पाणी भेगांतून, मांजऱ्या, म्हणजे मऊ सच्छिद्र कातळाच्या, थरांतून आणि दोन थरांमधल्या तांबड्या गेरूच्या पट्ट्यावरून चालते. गोकाककडे वालुकाश्म आणि क्वार्टझाईट, तिथे सगळा खेळ थरांच्या फटींचा. एका तालुक्यातला आराखडा दुसऱ्यात जसाच्या तसा उतरवला की पैसे वाया जातात.

निरीक्षण-बोअर म्हणजे शेताची बोअर नव्हे

सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो. गाडीवाला शेताला मारतो तशी साडेसहा इंची बोअर मारतो, वरच्या काही मीटरला केसिंग घालतो, खाली सगळे उघडे ठेवतो आणि ‘पाणी लागलं’ म्हणून शंभर मीटरवर थांबतो. अशा बोअरीत वरचे घाण पाणी आणि खालचे चांगले पाणी एकत्र होते, त्यामुळे नमुना कशाचाच नसतो. शिवाय वरचा दूषित थर आणि खालचा स्वच्छ थर ह्यांच्यामध्ये तुम्ही स्वतःच नळ जोडून दिलेला असतो.

निरीक्षणासाठी ११५ मिमीचे छिद्र आणि त्यात ५० मिमीचा पीव्हीसी पाइप पुरतो. ज्या थराचे पाणी पाहायचे तेवढ्याच खोलीला ३ मीटर जाळीचा, म्हणजे स्लॉटेड, पाइप, बाकी साधा. जांभ्यात पातळी हंगामाप्रमाणे फार वरखाली होत असेल तर जाळी ६ मीटरपर्यंत लांबवा, त्याहून जास्त नको. जाळीभोवती २ ते ४ मिमीची धुतलेली गोल खडी, जाळीच्या वर अर्धा मीटरपर्यंत. तिच्यावर किमान १ मीटर बेंटोनाईट (पाण्याने फुगून फट बंद करणारी चिकणमाती), त्यावर जमिनीपर्यंत सिमेंट-बेंटोनाईटचा गारा, वर काँक्रीटचा ओटा आणि कुलपाची टोपी. बेंटोनाईट महाग म्हणून काळी माती कोंबण्याची पद्धत आहे. ती पावसाळ्यात फुगून गच्च बसते आणि एप्रिलमध्ये सुकून पाइपापासून सुटते. मग पहिल्या वळवाचे पाणी बाहेरच्या बाजूने थेट जाळीत उतरते आणि अहवालात अचानक जिवाणू दिसतात.

पाइपाचे जोड आट्यांचे घ्या, चिकटवायचे सॉल्व्हंट वापरू नका. त्यातली द्रावणे पुढे कित्येक महिने नमुन्यात उतरतात. गाडीच्या कॉम्प्रेसरमधून तेलाचा फवारा येतो, म्हणून हवेच्या वाटेवर फिल्टर मागा आणि फेस-साबण घालू देऊ नका. जुळ्या बोअरी करायच्या, म्हणजे एक जांभा-चिकणमातीच्या सांध्यापर्यंत आणि दुसरी खालच्या कातळातल्या पहिल्या भेगेपर्यंत, तर दोन स्वतंत्र छिद्रे २-३ मीटर अंतरावर मारा. गाडीवाल्याला आधीच बजावून ठेवा की इथे पाणी लागण्याला महत्त्व नाही, ठरलेल्या खोलीला थांबायचे आहे.

संख्या: वरच्या अंगाला एक, खालच्या अंगाला घरांच्या दिशेने तीन. खालच्यांपैकी निदान दोन जागी जुळ्या. तुमच्या जागेला म्हणजे सहा छिद्रे. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत भरावाच्या कडेपासून ५० मीटरच्या आतले भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर अशा वेगवेगळ्या ऋतूंत तपासायला सांगितले होते. तुमच्या विहिरी ऐंशी मीटरवर आहेत, त्या तपासाच, पण ५० मीटरच्या आतल्या बोअरींना त्या पर्याय होत नाहीत. विहिरीपर्यंत घाण पोचल्यावर कळण्यापेक्षा वाटेत कळलेले बरे.

कचऱ्याच्या पोटातही एक नळी हवी. आत काळे पाणी किती उंच साचले आहे हे त्याशिवाय समजत नाही. ती मात्र हाताने किंवा ऑगरने (माती पोखरणाऱ्या मळसूत्री गिरमिटाने) घ्या. कचऱ्यात हवेचा कॉम्प्रेसर लावला तर वायू चारी बाजूंनी ढकलला जातो आणि आत धुमसणारे काही असेल तर त्याला हवा मिळते. तळ फोडू नका. अंदाजे तळाच्या मीटरभर वरच थांबा.

दिशा काढल्याशिवाय ‘वर’ आणि ‘खाली’ म्हणू नका

जमिनीचा उतार आणि भूजलाचा उतार बहुधा सारखे असतात, पण नेहमी नाही. जवळ कोणाची मोठी बोअर रात्रभर चालत असेल तर पाणी तिच्याकडे वळते. प्रत्येक पाइपाच्या तोंडावर एक खूण करा आणि तिची उंची ऑटो लेव्हलने, म्हणजे मोजणीदाराच्या दुर्बिणीने, सेंटिमीटरपर्यंत काढा. मोबाईलच्या जीपीएसची उंची पाच-दहा मीटर इकडेतिकडे असते. तेवढ्यात प्रवाहाची दिशा उलटी निघते.

समजा खुणेच्या उंचीतून पाण्याची खोली वजा केल्यावर वरच्या बोअरीत पातळी ७४८.६० मीटर आणि तिच्यापासून १२० मीटरवरच्या खालच्या बोअरीत ७४७.१० मीटर आली. दीड मीटरचा फरक १२० मीटरमध्ये, म्हणजे दर ८० मीटरला एक मीटर उतार. जांभ्याची पाझरक्षमता दिवसाला ५ मीटर आणि उपयोगी सच्छिद्रता दहा टक्के धरली तर पाणी दिवसाला साधारण ६० सेंमी सरकते. ऐंशी मीटर कापायला चार-सव्वाचार महिने लागतात. जांभ्यात हे आकडे जागोजागी खूप फिरतात, म्हणून ह्या गणिताला कोणी शपथेवर घेऊ नये. पण जूनमध्ये कचऱ्याला लागलेले पाणी विहिरीत दिवाळीच्या आसपास दिसू शकते आणि मे महिन्यातला एकच नमुना ही गोष्ट पकडू शकत नाही, एवढे त्यातून कळते.

नमुना घेणे

पाइपात उभे राहिलेले पाणी हे थरातले पाणी नव्हे. आधी टेपने पातळी मोजा, मग उपसा. ५० मिमीच्या पाइपात मीटरला जवळजवळ २ लिटर पाणी असते. ६ मीटर पाणी असेल तर १२ लिटर, तिप्पट उपसा म्हणजे ३५ लिटरच्या पुढे. हे बेलरने, म्हणजे दोरीने पाइपात सोडायच्या बारीक पोहऱ्याने, होते. जुनी साडेसहा इंची बोअर वापरायची म्हटली तर मीटरला २१ लिटर, ६० मीटर पाण्याला तिप्पट उपसा जवळपास ३,९०० लिटर. तिथे लोक दोन बादल्या काढतात आणि नमुना भरतात. अशा ठिकाणी हव्या त्या खोलीला छोटा पंप सोडून मिनिटाला पाव-अर्धा लिटर अशा संथ धारेने उपसा आणि पातळी उतरत नाही ना ते पाहत राहा. कसेही उपसले तरी थांबण्याची खूण एकच: लागोपाठच्या तीन वाचनांत पीएच ०.१ च्या आत आणि ईसी (पाण्याची विद्युतवाहकता) तीन टक्क्यांच्या आत स्थिर. ईसी मीटर त्याच सकाळी १४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणात तपासून घ्या.

बाटल्यांच्या बाबतीत सर्वांत महागात पडते ती धातूंची. धातूंसाठीचा नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून मग त्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा. न गाळता आम्ल घातले तर नमुन्यातला जांभ्याचा तांबडा गाळ विरघळतो आणि लोह, ॲल्युमिनियम, कधी क्रोमियमसुद्धा भरमसाट दिसते. मग गावात बोंब उठते की पाण्यात विष आहे. अमोनिया आणि सीओडीसाठी (रासायनिक प्राणवायू-मागणीसाठी) वेगळी बाटली, त्यात सल्फ्युरिक आम्ल. क्लोराईड, क्षारता, सल्फेट साध्या बाटलीत. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली, शक्य तर सहा-आठ तासांत प्रयोगशाळेत. सगळे बर्फात. दहा नमुन्यांमागे एक जुळा नमुना वेगळ्या नावाने पाठवा. दोन्हींचे आकडे जुळतात का ते पाहिल्यावर प्रयोगशाळेवर किती भरवसा ठेवायचा ते कळते.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची असावी हे सगळे सांगतात. त्याच्या जोडीला मोजणीची किमान मर्यादा लेखी मागा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिग्रॅ आहे. प्रयोगशाळेचे यंत्र ०.०५ च्या खाली पाहूच शकत नसेल तर ‘बीडीएल’ (मोजणीच्या मर्यादेखाली) ह्या शेऱ्याचा अर्थ ‘दिसले नाही’ एवढाच, ‘नाही’ असा नव्हे.

अहवाल हातात आला की घरी बसून एक तपासणी करता येते. समजा कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम २४, सोडियम ४६ आणि पोटॅशियम ४ मिग्रॅ/लिटर. त्यांना अनुक्रमे २०, १२.१५, २३ आणि ३९ ने भागून बेरीज करा: ३ + २ + २ + ०.१ = ७.१. दुसरीकडे बायकार्बोनेट ३०५, क्लोराईड ३५.५, सल्फेट २४, नायट्रेट ३१ ह्यांना ६१, ३५.५, ४८ आणि ६२ ने भागा: ५ + १ + ०.५ + ०.५ = ७. दोन्ही बेरजा जवळ आल्या म्हणजे मोजणी ठीक. त्यांच्यातला फरक दोन्हींच्या एकूण बेरजेच्या पाच टक्क्यांवर गेला तर प्रयोगशाळेला फोन करा. आणि ईसी साधारण ह्या बेरजेच्या शंभरपट, इथे ७०० च्या आसपास, असायला हवी. अहवालात ईसी १,५०० आणि बेरीज ७ दिसली तर कुठेतरी आकडा दुसऱ्या नमुन्याचा चिकटला आहे.

कचऱ्याचा दोष की उसाचा?

सीमाभागात हा प्रश्न हमखास येतो, आणि अहवाल वाचणारे बहुतेक इथेच घसरतात. लिचेटची, म्हणजे कचऱ्यातून झिरपलेल्या काळ्या पाण्याची, ओळख एका आकड्यात नसते, जोडीत असते. जुन्या कचऱ्याखाली प्राणवायू संपलेला असतो, म्हणून तिथून आलेल्या पाण्यात अमोनिया आणि बायकार्बोनेट वाढतात, क्लोराईड वाढते, पण नायट्रेट मात्र घटते. उसाच्या खतामुळे उलट चित्र दिसते: नायट्रेट ४५ च्या वर आणि अमोनिया नावालाही नाही. शौचालयाच्या शोषखड्ड्यामुळे नायट्रेट आणि क्लोराईड बरोबर चढतात आणि जिवाणू सापडतात. एकट्या क्लोराईडवर निकाल देऊ नका, कारण उसाला घातलेले म्युरिएट ऑफ पोटॅश हे पोटॅशियम क्लोराईडच आहे. खत घातल्यानंतरच्या पावसात पोटॅशियम आणि क्लोराईड दोन्ही वाढतात.

लोहाचेही तसेच. जांभा म्हणजे लोहाचाच दगड. कचऱ्यामुळे प्राणवायू संपला की दगडातले लोह आणि मँगनीज पाण्यात सुटते, त्यामुळे खालच्या बोअरीत पाणी काढल्यावर नितळ आणि अर्ध्या तासात तांबूस झाले तर ती खूण गंभीर आहे. पण गाळ न काढता भरलेला नमुनाही तांबूसच असतो. विरघळलेले लोह, अमोनिया आणि घटलेले नायट्रेट ही तीन एकत्र आली तर बोट कचऱ्याकडे दाखवा. अथणी-रायबागकडे कालव्याखालच्या काळ्या जमिनीत विहिरींचा क्षार मुळातच जास्त असतो, तिथे टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) पाहून काहीच ठरवता येत नाही. तिथे बोरॉन आणि अमोनिया मागा.

वरच्या अंगाची बोअर इथे कामाला येते. तुमच्याकडे वर ऊस आहे, म्हणजे वरच्या बोअरीतच नायट्रेट असणार. खालच्या बोअरीतल्या आकड्याची तुलना मानकाशी करण्याआधी वरच्या बोअरीशी करा. पाणी मानकात बसत असूनही अमोनिया वर शून्य आणि खाली ०.४ असेल (मानकाची मर्यादा ०.५ आहे), तर ती सुरुवात आहे, दिलासा नव्हे.

वायू: मीटर, दाब आणि पहिला पाऊस

जुन्या कचऱ्यातला वायू मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साईड, साधारण निम्मा-निम्मा. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असताना पेट घेतो. २०१६ च्या नियमांत भरावाच्या जागी मिथेन ह्या खालच्या स्फोटमर्यादेच्या २५ टक्क्यांपेक्षा, म्हणजे हवेत सव्वा टक्क्यापेक्षा, जास्त नसावा असे होते. इथे मीटरचा घोळ होतो. गटारात उतरणाऱ्यांकडचा चार वायूंचा मीटर स्फोटमर्यादेच्या टक्क्यांत वाचन दाखवतो. त्यावरचे २० म्हणजे हवेत १ टक्का मिथेन. शिवाय त्याच्यातला सेन्सर वायू जाळून मोजतो, त्याला प्राणवायू लागतो. जमिनीतल्या नळीत प्राणवायू २-३ टक्के असताना तो मीटर शून्याजवळ दाखवतो आणि आत चाळीस टक्के मिथेन असतो. नळीसाठी इन्फ्रारेड मीटरच हवा. घरात, हवेत फिरवायला पहिला चालतो.

वायूनळी कचऱ्याच्या कडेबाहेर, मूळ जमिनीत, कचरा आणि घरांच्या मध्ये. खोली कचऱ्याच्या तळाएवढी. वरचा १ मीटर साधा पाइप आणि भोवती बेंटोनाईट, खाली जाळी आणि खडी, डोक्यावर झडप असलेली टोपी. भेगाळ दगड आणि जवळ घरे असताना दोन नळ्यांत १५-२० मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. घरे नाहीत त्या बाजूला ५० चालेल. जांभ्यात ऑगस्टमध्ये पाणी वर चढून जाळी बुडते. बुडालेल्या नळीत मिथेन शून्य येतो आणि नोंदवहीत ‘निरंक’ लिहिले जाते. म्हणून प्रत्येक जागी एक उथळ नळीही घ्या, दोन-अडीच मीटरची.

मोजण्याचा क्रम महत्त्वाचा. टोपी उघडायची नाही. आधी झडपेला जोडून दाब आणि प्रवाह, मग किमान तीन मिनिटे वायू ओढून मिथेन, कार्बन डायऑक्साईड, प्राणवायू, हायड्रोजन सल्फाईड. सर्वोच्च आणि स्थिर, दोन्ही आकडे. पाण्याची पातळी शेवटी, कारण त्यासाठी टोपी काढावी लागते. सुरुवातीला मोकळ्या हवेत प्राणवायू २०.९ दाखवतो का ते पाहा. नळीतही २० दाखवत असेल तर आनंद मानू नका, आधी जोडणी गळते का ते तपासा. नवीन नळी बसवल्यावर निदान आठवडाभर थांबा.

आता दाब. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो-उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला वर, पहाटे आणि दुपारी चारला खाली. कोरड्या दिवसांत दहा ते चारमध्ये ३-४ मिलिबारचा फरक पडतो. तेवढा जमिनीतला वायू बाहेर ओढायला पुरतो. म्हणून वाचन दुपारी दोन ते साडेचारमध्ये घ्या. आणि पावसाळी हवा भरून येत असताना, दाब सतत उतरत असताना, मुद्दाम जा. इंग्लंडमध्ये डर्बीशायरमधल्या लोस्को गावी २४ मार्च १९८६ ला एक बंगला मिथेनने उडाला, त्याआधीच्या सात तासांत दाब २९ मिलिबारने कोसळला होता. वायू जुन्या खाणीत भरलेल्या कचऱ्यातून दगडाच्या फटींतून आला होता. आपल्याकडे दाब इतका झपाट्याने पडत नाही, पण वाट तीच आहे.

ह्यातला एक विनोदी भाग. इंग्लंडच्या मार्गदर्शिकांत ‘दाब १००० मिलिबारखाली आणि उतरता असताना निदान काही वाचने घ्या’ असे असते आणि सल्लागारांच्या अहवालांत ते तसेच उतरते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर. इथे मीटरवर दाब वर्षभर ९२५-९३० च्या आसपासच असतो. ती अट इथे रोजच पूर्ण होते, म्हणून तिला अर्थ उरत नाही. मोबाईलवर मात्र १०१० दिसते, कारण तो आकडा समुद्रसपाटीला आणलेला असतो. दोन्ही पाहून मीटर बिघडला म्हणून परत पाठवल्याची उदाहरणे होतात. इथे आकडा किती आहे त्यापेक्षा तो उतरतो आहे की चढतो आहे हे लिहा: वाचनाआधी तीन तास आणि वाचनाच्या वेळी.

वर्षातली सगळ्यात वाईट वेळ मृगाचा पहिला मोठा पाऊस. उन्हाळ्यात मुरूम आणि काळी माती भेगाळते, वायू सरळ वर जातो आणि विरतो. पहिल्या जोराच्या पावसाने भेगा मिटतात, वरचे तोंड बंद होते, खालून पाणी चढू लागते, आणि वायूला आडवे जाण्याशिवाय वाट राहत नाही. ती वाट म्हणजे सच्छिद्र जांभा, गटाराचा चर, नळाच्या पाइपाभोवतीची सैल वाळू. जूनच्या त्या पंधरवड्यात आठवड्यातून दोनदा मोजा. बाकी वर्षभर महिन्यातून दोनदा, दुसऱ्या वर्षापासून महिन्याला.

आकडा कसा वाचायचा? नुसत्या टक्केवारीने घाबरू नका, प्रवाहाने गुणा. मिथेन १२ टक्के आणि प्रवाह ताशी २.५ लिटर असेल तर ०.१२ × २.५ = ताशी ०.३ लिटर. ब्रिटिश पद्धतीत ०.०७ पर्यंत अगदी कमी धोका, ०.७ पर्यंत कमी, ३.५ पर्यंत मध्यम. मात्र प्रवाह शून्य आणि मिथेन ४० टक्के असेल तर ‘शून्य धोका’ लिहू नका. मीटर जितका लहान प्रवाह दाखवू शकतो तो, बहुधा ०.१ लिटर, धरा. एकटा कार्बन डायऑक्साईड ३-४ टक्के आला तर तो ओल्या मातीतल्या मुळांचा आणि जिवाणूंचाही असू शकतो. मिथेन असेल तर बहाणा नाही, फक्त जवळपास गोबरगॅस किंवा फुटलेली सेप्टिक टाकी आहे का ते पाहून घ्या.

घरांत फरशीच्या फटी, न्हाणीची मोरी, बंद खोलीतली बोअरची टोपी, पाण्याची भूमिगत टाकी इथे मीटर धरा, खोलीच्या मध्यभागी नव्हे. घरात १ टक्का मिथेन दिसला तर माणसे बाहेर, दारे-खिडक्या उघड्या, दिव्याचे बटण चालूही करायचे नाही आणि बंदही नाही, मग अग्निशमन दलाला फोन.

विहिरींचा गाळ मे महिन्यात काढतात. त्या चार विहिरींत माणूस उतरवण्याआधी दोरीने मीटर तळापर्यंत सोडा, प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कोणी उतरायचे नाही. जळता कंदील सोडण्याची जुनी पद्धत इथे वापरू नका, मिथेनच्या जागी ती स्वतःच अपघात आहे. आणि हायड्रोजन सल्फाईडबाबत नाकावर विसंबू नका. १०० पीपीएमच्या आसपास वासच यायचा बंद होतो.

किती दिवस, आणि मैदानाचे काय

पाण्याची पातळी महिन्याला, जून ते ऑक्टोबर पंधरवड्याला. पाण्याचे नमुने मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. पहिल्या वर्षी जुलै आणि ऑक्टोबरही. वरच्या बोअरीची निदान आठ वाचने झाल्याशिवाय ‘नेहमीची पातळी’ हा शब्द अहवालात येऊ देऊ नका. २०१६ च्या नियमांत बंद केलेल्या भरावावर किमान १५ वर्षे देखरेख होती आणि त्यानंतरही वस्ती वा इतर वापर वायू, लिचेट आणि मातीची स्थिरता तपासूनच. वर ६० सेंमी चिकणमाती, १५ सेंमी निचऱ्याचा थर आणि ४५ सेंमी झाडीची माती असे आवरण सांगितले होते. तुमच्याकडे नुसता मुरूम आहे, जो पाणी अडवत नाही. तेव्हा त्या १५ वर्षांचे घड्याळ सुरू झाले आहे का, हे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगावच्या प्रादेशिक कार्यालयाकडून लेखी घ्या. पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) सहीने, जागेच्या नकाशासह पत्र द्या. तोंडी ‘चालतंय’वर काम सुरू करू नका.

मंडळाने मैदानाला मान्यता दिलीच तर बंद खोल्या टाळा. कपडे बदलायची खोली, पंपघर, दिव्यांच्या खांबांचे केबल-खड्डे ह्या सगळ्यांत वायू साचतो; खोली हवीच असेल तर जमिनीपासून उचललेली, खालून वारा खेळता. जमीन खचत राहणार, म्हणून पक्की गटारे कचऱ्यावरून नेऊ नका, फुटली की सगळे पाणी आत. वायूनळ्यांना आणि बोअरींना मैदानाच्या कामात जेसीबी लागून त्या मोडतात, तेव्हा आधीच लोखंडी खांब आणि पिवळा रंग. आणि हिरवळीला पाणी हवे म्हणून त्याच जागेत बोअर मारू देऊ नका: ती पाणी स्वतःकडे खेचते, कचऱ्याखालचा तळ फोडते आणि वर्षभर जमवलेली दिशेची सगळी वाचने निरुपयोगी करते. पाणी टँकरने आणा, नाहीतर उसाच्या बाजूच्या शेतातून पाइप टाका.